एसजीपीटी २१२ : गोळी थांबवायची की सोडायची?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. आयुष्यात कधी तंबाखूला शिवल्या नाहीत, तरी त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. आधी छातीच्या फोटोतला डाग बघून टीबी समजून तीन महिने एकेटी (टीबीच्या औषधांचा कोर्स) दिली होती. मग बायोप्सी झाली, ईजीएफआर ही कॅन्सरच्या पेशींतल्या जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह आली, एकेटी बंद झाली आणि महिन्याभराने गेफिटिनिब २५० ची गोळी सुरू झाली. दीड महिन्यात खोकला थांबला, त्या एकट्या जिना चढायला लागल्या. पण सातव्या आठवड्याला यकृताच्या रक्ततपासणीत एसजीपीटी २१२ आणि एसजीओटी १६८ आलं. गोळी सुरू करताना एसजीपीटी ३८ होतं. बिलिरुबिन ०.८ आहे. डॉक्टरांनी गोळी दोन आठवडे थांबवायला सांगितली आहे. शेजारच्या काकू म्हणतात, औषधाने लिव्हर जळलं. सासरे त्यांच्या गावाहून काविळीचं औषध आणायला निघालेत. दोन आठवड्यांत कॅन्सर पुन्हा उसळेल का? आम्ही तेल-तूप आणि हळद बंद केली आहे, रोज उसाचा रस देतो. बरोबर आहे ना?
ता. क. : कोविडपासून त्या रोज सकाळी गुळवेलीचा रस घेतात. परसातलीच वेल आहे. डॉक्टरांना हे सांगायचं राहिलं.
— एक सून, कराड

उत्तर : ताई, सगळ्यात आधी सासऱ्यांना थांबवा. सासूबाईंना कावीळ झालेलीच नाही. बिलिरुबिन म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, ते ०.८ म्हणजे अगदी नॉर्मल. नाकात थेंब सोडून पिवळं पाणी काढणं, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणणं, हे सगळं मी मिरजेत पंचवीस वर्षं बघते आहे. त्यामागची माया मला कळते. घरातलं माणूस आजारी असताना हातावर हात ठेवून कुणालाच बसवत नाही. पण पोटात घ्यायच्या पुडीत काय आहे हे देणाराही सांगत नाही, आणि तीही शेवटी त्याच यकृतातून जाते.

आता तो २१२ चा आकडा. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आत राहणारं एन्झाइम आहे. पेशी दुखावल्या की ते रक्तात पाझरतं. म्हणजे आत कुठेतरी गळती आहे, एवढंच हा आकडा सांगतो. यकृत आपलं काम नीट करतंय का, ते बिलिरुबिन, अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारं प्रथिन) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) या तपासण्यांवरून कळतं. लॅबची वरची मर्यादा ४० धरली तर २१२ म्हणजे सव्वापाच पट. आम्हा कॅन्सरच्या डॉक्टरांच्या मोजपट्टीत तीन पटींपर्यंत पहिली पायरी, पाच पटींपर्यंत दुसरी, वीस पटींपर्यंत तिसरी आणि त्यापुढे चौथी. सासूबाईंनी तिसऱ्या पायरीवर नुकतंच पाऊल ठेवलंय. गेफिटिनिबच्या बाबतीत दुसऱ्या पायरीपासूनच गोळी थांबवतात, जास्तीत जास्त १४ दिवस. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं आहे.

मला धडकी भरते ती दोन आकडे एकत्र वाढले की. अमेरिकेतले यकृततज्ज्ञ हायमन झिमरमन यांनी हे बरोबर हेरलं होतं, त्यांच्या नावाने त्याला ‘हाय्ज लॉ’ म्हणतात. औषधामुळे एसजीपीटी तिपटीच्या वर गेलं, त्याच सुमारास बिलिरुबिनही दुपटीच्या वर गेलं आणि पित्ताच्या वाटेत अडथळा नसला, तर अशा दहा रुग्णांमागे निदान एकाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की नुसतं एसजीपीटी बघून घाबरू नका, खालच्या ओळीतलं बिलिरुबिनही बघा. सासूबाईंचं जागेवर आहे. काकूंना हे सांगा.

तुमच्या पत्रात ‘थांबवायला’ हा शब्द आहे, आणि तो फार नेमका आहे. थांबवणं वेगळं, सोडणं वेगळं. गेफिटिनिब शरीरातून सावकाश उतरतं. साधारण ४८ तासांनी रक्तातलं प्रमाण निम्मं होतं, पुढच्या ४८ तासांत त्याच्या निम्मं. पूर्ण निघून जायला दहा दिवस सहज लागतात. त्यामुळे गोळी थांबवली त्या दिवसापासून सासूबाई उघड्यावर पडल्या, असं नाही. चौदा दिवसांच्या खंडाने सहसा काही हातचं जात नाही. खरा धोका वेगळाच असतो. बरं वाटायला लागलं, पुढची तपासणी राहिली, ‘आता नकोच ती गोळी’ म्हणून दोन आठवड्यांचे दोन महिने झाले, आणि खोकला परत आला, असं मी अनेकदा पाहिलंय. थांबवताना पुन्हा कधी दाखवायचं ती तारीख लिहून घ्या. तोवर दर आठवड्याला एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करा.

आणि आता तो ता. क. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली आहे.

माझ्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर यायचे. हाच आजार, हीच गोळी. त्यांचं एसजीपीटी वाढलं, मी गोळी थांबवली, ते उतरलं. पुन्हा सुरू केली, पुन्हा वाढलं. दोनदा असं झाल्यावर हे औषध यांना सोसत नाही, असं मी त्यांच्या कागदावर लिहून मोकळी झाले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या पत्नी सोबत आल्या. रिपोर्ट शोधण्यासाठी त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि त्यातून रक्तशुद्धीच्या चुर्णाची बरणी निघाली. कॅन्सरची गोळी सुरू की हे चूर्णही सुरू, आणि मी गोळी बंद केली की तेही बंद, ‘सगळंच बंद करायला सांगितलंय’ म्हणून. चूर्ण थांबवलं, गोळी पुन्हा दिली, आणि त्यानंतर पावणेदोन वर्षं त्यांचं यकृत शांत राहिलं. चूक माझी होती. मी दर वेळी विचारत होते, ‘आणखी कुठली औषधं चालू आहेत?’ त्यांच्या लेखी चूर्ण हे औषधच नव्हतं. आता मी असं विचारते : सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पाणी-जेवण सोडून तोंडात काय काय जातं? आणि घरातली ती पिशवी, जशी आहे तशी घेऊन यायला सांगते.

गुळवेलीबद्दल सांगायचं तर, २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. पुढच्या वर्षी देशभरातल्या अशा ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली होती, हेही नमूद करते. पण ज्या बाईच्या यकृताला आधीच एक गोळी झेपवायची आहे, तिच्यासाठी मला हा वाद मिटेपर्यंत थांबायचं नाही. गुळवेल आजपासून बंद. वेल अंगणातली आहे, पिढ्यानपिढ्या घेतात, हे खरं. पण त्या पिढ्यांपैकी कुणी बरोबर गेफिटिनिब घेत नव्हतं. आणि हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. न सांगता नुसती बंद केलीत आणि एसजीपीटी उतरलं, तर ते श्रेय गोळी थांबवण्याला जाईल आणि कदाचित एक चांगलं लागू पडणारं औषध सासूबाईंच्या हातून कायमचं जाईल.

तुम्ही एकेटीचंही लिहिलं आहे. तिनेही यकृताला त्रास होतो, विशेषतः आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइडने. पण ती बंद होऊन महिना झाल्यावर एसजीपीटी ३८ होतं, म्हणून या खेपेला तिच्यावर संशय नाही. आपल्याकडे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या कितीतरी रुग्णांना आधी टीबीची औषधं मिळालेली असतात, म्हणून बाकीच्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. एकेटीतलं रिफाम्पिसिन यकृतातल्या एन्झाइमना इतकं जोरात कामाला लावतं की गेफिटिनिबचं रक्तातलं प्रमाण ऐंशी टक्क्यांहून जास्त घसरतं. दोन्ही एकत्र सुरू असतील तर कॅन्सरची गोळी जवळजवळ वाया जाते. कुणी जुनी एकेटी अजून घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही पुढे जाऊ नका.

पथ्याचं सांगते. रसवंतीचा रस बंद करा. उसाशी माझं वैर नाही. पण त्यातला बर्फ, ते पाणी आणि ते ग्लास यांच्यातून हेपॅटायटिस ए आणि ई पसरतात, आणि सासूबाईंच्या यकृतावर आत्ता आणखी एक पाहुणा परवडणारा नाही. आमटी-भाजीतली हळद चालू ठेवा. नको आहेत त्या हळदीच्या कॅप्सूल, विशेषतः मिऱ्याचा अर्क घातलेल्या. तेल-तूप तोडू नका. गेल्या काही महिन्यांत त्यांचं वजन घटलं असणार. भात-वरण, त्यावर चमचाभर तूप, अंडं खात असतील तर अंडं, ताक, ज्वारीची भाकरी, जे आवडेल ते द्या. फुटाणे-कुरमुऱ्यांवर ठेवून यकृत सुधारत नाही, माणूस तेवढा खंगतो. लिव्हरच्या टॉनिकची बाटलीही नको. या गोळ्यांपासून ती यकृत वाचवते याचा पुरावा नाही, आणि आपल्या पिशवीत आणखी एक संशयित वाढतो.

डॉक्टर बहुधा हेपॅटायटिस बी आणि सी, ए आणि ई यांच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी करून घेतील. कॅन्सर यकृतात शिरलेला नाही ना, हेही त्यात कळतं. आकडे पहिल्या पायरीवर किंवा त्याखाली आले की गोळी पुन्हा सुरू होते. पुन्हा वाढलेच, तर एक दिवसाआड देण्याचा मार्ग काही डॉक्टर वापरतात, किंवा त्याच कुळातली दुसरी गोळी देतात. त्यातल्या ओसिमर्टिनिबमध्ये यकृताचे आकडे गेफिटिनिबच्या मानाने बरेच कमी वेळा वाढतात, आणि एकीने त्रास झाला म्हणजे दुसरीनेही होईल असं नसतं.

या दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना उडाली, दिवसा झोप आणि रात्री जागरण असा उलटा क्रम लागला किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

प्रश्न : मला सीएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) आहे. नऊ वर्षं इमॅटिनिब ४०० घेतो, सगळं उत्तम. परवा तापात मित्राच्या सांगण्यावरून पॅरासिटामॉल ६५० दिवसातून चार वेळा, असं सहा दिवस घेतलं. वर सर्दीची गोळी. आता एसजीपीटी ९६ आलंय. नऊ वर्षं काही झालं नाही, मग आताच का? महिन्यातून एक-दोनदा मित्रांबरोबर पितो, तेही सांगतो.
— पिंपरी

उत्तर : पिण्याचं न विचारता सांगितलंत, त्याबद्दल आधी आभार. आता हिशेब करा. ६५० गुणिले चार म्हणजे २६०० मिलिग्रॅम. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते वर ५०० च्या पटीत. म्हणजे सहा दिवस तुम्ही रोज तीन-चार ग्रॅम घेत होतात. धडधाकट माणसालाही ही वरची हद्द आहे. तुमच्यासाठी ती खूपच जास्त.

इमॅटिनिबला अमेरिकेत मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. मी परळला शिकत होते तेव्हा सीएमएलच्या तरुण रुग्णांना आम्ही बोन मॅरोचा दाता शोधायला सांगायचो. काही वर्षांत त्यांच्यासारखेच रुग्ण रोज एक गोळी घेऊन नोकरीवर जायला लागले. पुढे १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला, आणि स्वस्त भारतीय गोळी टिकून राहिली. या गोळीबद्दल माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे, म्हणूनच तिच्या माहितीपत्रकातली एक ओळ मी प्रत्येक रुग्णाला वाचून दाखवते : सुरुवातीच्या अभ्यासातला एक रुग्ण तापासाठी नियमित पॅरासिटामॉल घेत होता, आणि तो यकृत निकामी होऊन दगावला. माझ्या रुग्णांना मी सांगते, एकदोन दिवस, दिवसभरात मिळून दोन ग्रॅमच्या आत, आणि तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर मला फोन. सर्दीची गोळी घ्यायची तर आधी पाकिटामागचा बारीक मजकूर वाचा.

९६ म्हणजे अडीच पटींच्या आत. यासाठी इमॅटिनिब थांबवत नाहीत. ती थांबवतात एसजीपीटी पाच पटींच्या किंवा बिलिरुबिन तीन पटींच्या वर गेलं तर. आकडे अनुक्रमे अडीच आणि दीड पटींच्या खाली आल्यावर ४०० ऐवजी ३०० ने पुन्हा सुरू करतात. तुम्ही गोळी चालू ठेवा, पॅरासिटामॉल थांबवा, दारू महिना-दोन महिने पूर्ण बंद करा आणि आठवड्याने तपासणी करा. तापाच्या आणि पिंडऱ्यांत गोळे येण्याच्या दिवसांत एसजीओटी स्नायूंमधूनही वाढतं, तेव्हा सीपीके ही स्नायूंची रक्ततपासणीही बघून घ्या. आणि हेपॅटायटिस बीची तपासणी कधी झाली होती ते फाइलमध्ये शोधा. या गटातल्या गोळ्यांनी शरीरात दबून बसलेला हा विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो, असा इशारा २०१६ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी दिला.  तपासणी झाली नसेल तर आता करा.

प्रश्न : माझ्या यजमानांना किडनीच्या कॅन्सरसाठी पाझोपानिब ८०० सुरू होऊन पाच आठवडे झाले. एसजीपीटी नॉर्मल आहे, पण बिलिरुबिन २.१. डोळे किंचित पिवळे वाटतात. गोळी ते अकराच्या पेजेबरोबर घेतात, म्हणजे पोटाला सोसते. चतुर्थी जवळ आली आहे. खाण्याचं काही पाळायचं का?
— फोंडा

उत्तर : वहिनी, रिपोर्टमध्ये बिलिरुबिनच्या खाली डायरेक्ट आणि इनडायरेक्ट असे दोन आकडे असतील. इनडायरेक्टच वाढलेलं असेल आणि बाकी सगळं जागेवर असेल, तर घाबरायचं कारण नाही. काही घराण्यांत बिलिरुबिन धुऊन काढणारं एन्झाइम जन्मतः थोडं मंद असतं, त्याला गिल्बर्ट म्हणतात, आणि पाझोपानिब तेच एन्झाइम आणखी मंद करतं. यजमानांचे डोळे उपासाच्या दिवशी, जागरणानंतर पूर्वीही कधी पिवळसर दिसायचे का, आठवून बघा. डायरेक्ट वाढलं असेल तर मात्र लगेच डॉक्टरांकडे.

पण मला जास्त काळजी पेजेची वाटते. ही गोळी अन्नाबरोबर घेतली की रक्तात जवळजवळ दुप्पट उतरते. म्हणजे ८०० लिहून दिलेला माणूस प्रत्यक्षात कितीतरी जास्त घेतोय. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, नुसत्या पाण्याबरोबर, न चावता, न तोडता घ्यायची. झोपताना घेतलेली अनेकांना सोसते. तुम्ही वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे पुढचे आकडे त्यांना बरोबर वाचता येतील. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन सुरू असेल तर तेही सांगा, या गोळीबरोबर त्याने एसजीपीटी वाढतं. या औषधाची तपासणी तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या आठवड्यात, मग तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात ठरलेली असते. सातवा आठवडा चतुर्थीत आला तरी चुकवू नका.

आणि माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीला, बांधलेलं पपनस. ते बांधा, बघा, पण यजमानांना खायला देऊ नका. ग्रेपफ्रूटसारखंच त्यातही असे पदार्थ असतात की औषध मोडणारं एन्झाइम अडून बसतं आणि रक्तात औषध साचतं. मोसंबी, केळी, पेरू चालतील.

प्रश्न : आम्ही शेतकरी आहोत. वडिलांना अशीच गोळी सुरू झाली आहे. दर पंधरा दिवसांनी एलएफटी खरंच लागते का? खर्च आणि एसटीचा दिवस दोन्ही जातात.
— यवतमाळ जिल्हा

उत्तर : सुरुवातीचे दोन-तीन महिने लागते, कारण यकृताचा त्रास बहुधा त्याच काळात डोकं वर काढतो, आणि तेव्हा तो दिसत नाही, फक्त रक्तात कळतो. नंतर महिन्याने, मग डॉक्टर सांगतील तसं. त्यासाठी मोठ्या शहरात यायची गरज नाही. जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात रक्त द्या आणि रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवा. मात्र शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. एका वहीत तारीख, एसजीपीटी, बिलिरुबिन आणि त्या आठवड्यात घेतलेली प्रत्येक वेगळी गोळी, काढा, पुडी, सगळं लिहा. फवारणीच्या दिवसांत वडील शेतात गेले असतील तर तेही लिहा. औषधाचा त्रास झाला तर त्याची सरकारदरबारी नोंद करता येते, त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क क्रमांक आहे. आणि वही वडिलांच्या खिशात ठेवू नका, ती हरवते. गोळ्यांच्याच डब्यात ठेवा.